घरी बांधलेल्या विमानाची पाच अक्षरे

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणारा रस्ता सातपुड्याच्या डोंगरांजवळ येऊ लागला की सौंसरचा मुलूख लागतो. संत्र्यांच्या बागा आणि कपाशीची काळी शेते यांनी ओळखला जाणारा हा प्रदेश राज्याने मध्यप्रदेशाचा, परंतु घरातील बोलीने मराठी आहे. अर्धनारीश्वराच्या देवळामुळे दूरवर ठाऊक असलेले मोहगाव हे गाव याच भागात वसले आहे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर एका राज्यात गेले आणि सौंसर दुसऱ्या राज्यात राहिले. पुढे 2023 साली छिंदवाड्यातून पांढुर्णा हा नवा जिल्हा वेगळा निघाला व मोहगावचे नाव एका दप्तरातून उचलून दुसऱ्या दप्तरात लिहिले गेले. गाव मात्र होते तेथेच राहिले. वस्तू तीच, पण तिची नोंद कोणत्या वहीत आहे यावर तिच्यासंबंधीचे किती व्यवहार अवलंबून असतात, हे अशा गावातील माणसाला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

या गावावरून विमाने जातात. दिल्ली आणि नागपूर यांना जोडणारी सरळ रेघ नकाशावर ओढली तर ती मोहगावच्या अगदी जवळून जाते. 1949 साली नागपूर हे देशाच्या रात्रीच्या विमान-टपालाचे केंद्र झाले. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चारही दिशांनी टपालाची विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास उतरत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी परत फिरत. ती सेवा पुढे बंद पडली, पण वरून जाणाऱ्या विमानाकडे मान वर करून पाहण्याची हौस काही बंद पडलेली नाही. अशा वेळी अंगणातले पोर हटकून एक प्रश्न विचारते, "हे विमान कोणाचे?" प्रश्न साधा आहे. परंतु याच एका प्रश्नाचे उत्तर देता यावे म्हणून जगातील राष्ट्रांनी करार केले, नियम लिहिले आणि प्रत्येक विमानाच्या अंगावर ठळक अक्षरे काढणे सक्तीचे केले.

विमान उडू लागले त्या काळी ही अक्षरे नव्हती. राइट बंधूंनी 1903 साली उडविलेल्या यंत्रावर कोणतेही चिन्ह नव्हते. 18 फेब्रुवारी 1911 रोजी प्रयागच्या मैदानावरून टपालाच्या थैल्या घेऊन नैनीला गेलेल्या विमानासही सरकारी नोंदणीचे चिन्ह नव्हते. त्याची गरज प्रथम जाणवली ती बलूनांमुळे. या शतकाच्या नव्हे, मागील शतकाच्या आरंभी, 1908 च्या सुमारास, जर्मनीतून सुटलेले बलून वाऱ्याबरोबर फ्रान्सच्या हद्दीत येऊन उतरू लागले. आतील माणसे कोण, कोणत्या हेतूने आली, नुकसानीचा दावा कोणावर लावावा, हे प्रश्न फ्रान्ससमोर उभे राहिले. जमिनीवर सीमेवर चौकी बसविता येते. आकाशात ती बसविता येत नाही. तेव्हा वाहनानेच आपली ओळख अंगावर वागविली पाहिजे, हा विचार पुढे आला. 1910 साली पॅरिसला भरलेल्या परिषदेत त्याचा खल झाला आणि महायुद्धानंतर, 1919 च्या पॅरिस करारात तो नियम म्हणून मान्य झाला. प्रत्येक विमानाला पाच अक्षरे मिळाली. ब्रिटिश साम्राज्याच्या वाट्यास 'जी' हे अक्षर आले आणि हिंदुस्थानातील विमानांची चिन्हे 'जी-आय' अशी सुरू होऊ लागली.

आज भारतीय विमानांवर दिसणारी 'व्हीटी' ही दोन अक्षरे त्यानंतरची आहेत. 1927 साली वॉशिंग्टन येथे बिनतारी संदेशवहनाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तीत देशोदेशींच्या केंद्रांना जी आद्याक्षरे वाटून देण्यात आली त्यांच्या आधारावर विमानांची चिन्हेही बदलली, आणि 1929 पासून 'व्हीटी' रूढ झाले. ही अक्षरे म्हणजे 'व्हाइसरॉयचा मुलूख' या इंग्रजी शब्दांचे संक्षिप्त रूप होय, अशी समजूत सर्वत्र पसरली आहे. समजूत आकर्षक असली तरी ती खरी नव्हे. 'व्ही' हे अक्षर त्या वाटपात साम्राज्यातील अनेक प्रदेशांना मिळाले होते. जेथे व्हाइसरॉय कधी नव्हता त्या ऑस्ट्रेलियाची विमाने आजही 'व्हीएच' हे चिन्ह मिरवितात. स्वातंत्र्यानंतर पाकिस्तानने 'एपी' घेतले, श्रीलंकेने पुढे 'चार-आर' घेतले. भारताने 'व्हीटी' ठेवले. ते बदलावे की नाही, हा वाद संसदेतही निघालेला आहे. वादाचा निकाल काहीही लागो, इतके खरे की 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहू मैदानावर उतरले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानावर 'व्हीटी-एडीएन' ही पाच अक्षरे होती, आणि भारतीय हवाई वाहतुकीच्या इतिहासात त्या विमानाची ओळख आजही याच अक्षरांनी पटते.

दोन अक्षरे राष्ट्राची व तीन त्या विमानाची, अशी ही मांडणी आहे. रोमन वर्णमालेतील सव्वीस अक्षरांतून तिघांचे गट केले तर 17,576 चिन्हे होतात. त्यांपैकी संकटाच्या संदेशाशी घोटाळा होईल असे गट वगळले जातात. बाकीच्यांतून मोकळे असलेले चिन्ह मालकास निवडून मागता येते. 7 डिसेंबर 1944 रोजी शिकागो येथे झालेल्या करारात असे ठरले की, विमान ज्या देशात नोंदलेले असेल त्या देशाचे त्यास राष्ट्रीयत्व असते आणि एकाच वेळी दोन देशांत ते नोंदता येत नाही. म्हणजे माणसाप्रमाणे विमानालाही नागरिकत्व आहे, आणि ते नागरिकत्व त्याच्या अंगावर लिहिलेले असते.

ते कसे लिहावे याचे नियम बारकाईने घातलेले आहेत. 1949 साली शिकागो कराराला जोडलेल्या सातव्या परिशिष्टात त्यांचा तपशील आला आणि भारताचे नियमही त्यास अनुसरूनच आहेत. अक्षरे रोमन लिपीतील मोठी, कोणत्याही नक्षीवाचून काढलेली असावीत. ती भरीव रेषांची आणि पार्श्वभूमीवर स्पष्ट उठून दिसतील अशा रंगाची असावीत. पंखाच्या खालच्या अंगावर त्यांची उंची निदान 50 सेंटिमीटर, धडावर अथवा शेपटाच्या उभ्या भागावर निदान 30 सेंटिमीटर असावी. अक्षराची रुंदी उंचीच्या दोन-तृतीयांश, रेषेची जाडी उंचीच्या एक-षष्ठांश असावी आणि दोन अक्षरांमधील मोकळी जागा रुंदीच्या एक-चतुर्थांशापेक्षा कमी नसावी. पंखाखालील अक्षरांचे माथे पंखाच्या पुढच्या कडेकडे असावेत. याखेरीज आगीत न वितळणाऱ्या धातूची एक पट्टी, तीवर तेच चिन्ह कोरून, विमानाच्या मुख्य दाराजवळ पक्की बसवावी. रंग जळून जाईल, पंख मोडून पडेल, परंतु ती पट्टी राखेतूनही विमानाचे नाव सांगेल, हा त्यामागील हेतू आहे.

हे आकडे कोणाच्या लहरीतून आलेले नाहीत. नेत्रवैद्याच्या तक्त्यावरील अक्षर निरोगी डोळ्याला वाचता येण्यासाठी त्याने डोळ्याशी पाच कलांचा कोन करावा लागतो, असे नेत्रशास्त्र सांगते. त्या हिशेबाने 50 सेंटिमीटर उंचीचे अक्षर सुमारे साडेतीनशे मीटरांवरून वाचता येते. 30 सेंटिमीटरचे अक्षर दोनशे मीटरांवरून वाचता येते. फार उंचावरून जाणाऱ्या विमानाची अक्षरे मोहगावच्या शेतकऱ्यास वाचता येणार नाहीत, हे उघड आहे. त्याची त्यास गरजही नसते. परंतु जे विमान बागेच्या शेंड्यांवरून खाली खाली घिरट्या घालते, ज्यामुळे बैल बिथरतात, ज्यापासून जीविताला धोका पोहोचू शकतो, त्या विमानाची अक्षरे मात्र त्याला वाचता आली पाहिजेत. पंखाच्या खालच्या अंगावरची मोठी अक्षरे वैमानिकासाठी नव्हेत. ती वैमानिकाला दिसतही नाहीत. ती खाली उभ्या असलेल्या माणसासाठी आहेत. विमान कोणाचे, या प्रश्नावर त्याचा हक्क कायद्याने मान्य केला आहे, असा त्या अक्षरांचा अर्थ आहे.

मोठ्या कंपन्यांच्या विमानांविषयी हे सारे सुरळीत चालते. कारखान्यात विमान तयार होते, त्यावर अनुक्रमांक पडतो, विक्रीचा कागद होतो, तो कागद दाखवून नोंदणी होते. अडचण उभी राहते ती एखादा माणूस आपल्या घरी, आपल्या हातांनी विमान बांधतो तेव्हा. नोंदणीच्या प्रमाणपत्रावर निर्मात्याचे नाव, विमानाचा प्रकार, अनुक्रमांक आणि मालकाचे नाव-पत्ता हे रकाने असतात. घरी बांधलेल्या विमानाचा निर्माता कोण? तोच. विक्रेता कोण? कोणीच नाही. अनुक्रमांक कोणता? त्यानेच घातलेला. कारखान्यास समोर ठेवून आखलेल्या कागदावर एकट्या माणसाची मांडणी करावी लागते आणि तेथे कारकुनाची लेखणी थबकते.

अन्य देशांनी या अडचणीतून कशी वाट काढली ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत 1953 साली पॉल पोबेरेझ्नी यांनी घरी विमाने बांधणाऱ्यांची एक संस्था मिलवॉकी येथे स्थापन केली, आणि तेथे अशी हजारो विमाने आज उडत आहेत. तेथील नियम असा की, विमानाच्या बांधणीचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी माणसांनी स्वतःच्या शिक्षणासाठी वा आनंदासाठी केलेला असावा. तसे सिद्ध झाले की बांधणाराचे नाव निर्माता म्हणून पट्टीवर कोरले जाते आणि विमानास इतर विमानांसारखेच नोंदणीचिन्ह मिळते. मात्र आत शिरण्याच्या जागेजवळ 'प्रायोगिक' या अर्थाचा शब्द निदान दोन इंच उंचीच्या अक्षरांत लिहावा लागतो. बसणाऱ्याने तो वाचावा आणि मग बसावे. त्यानंतरही विमान लगेच वाटेल तेथे नेता येत नाही. प्रथम विरळ वस्तीच्या ठराविक प्रदेशावर, साधारणतः पंचवीस ते चाळीस तास, चाचणीची उड्डाणे करावी लागतात. या चाचण्यांत फक्त अत्यावश्यक माणसे विमानात बसू शकतात. ब्रिटनमध्येही अशा विमानांना कारखान्याच्या विमानासारखे उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र मिळत नाही. निराळा, मर्यादित असा उड्डाण-परवाना मिळतो. चिन्ह मात्र तेच, 'जी' या अक्षराने सुरू होणारे.

अमेरिकेच्या नियमात एक सवलत आहे, तिचा मात्र विचार झाला पाहिजे. सामान्य विमानावर अक्षरांची उंची बारा इंच असावी लागते. हौशी बांधणीच्या मंदगती विमानावर ती तीन इंच असली तरी चालते. तीन इंचांचे अक्षर, वर सांगितलेल्या हिशेबाने, जेमतेम पन्नास मीटरांवरून वाचता येते. तळावर उभे असलेले विमान ओळखण्यास ते पुरेसे आहे; आकाशातले विमान ओळखण्यास नाही. लहान विमानाच्या अंगावर जागा थोडी आणि बांधणाराला त्याचे रूप प्रिय, म्हणून ही मुभा दिली असावी. परंतु जे विमान अजून पुरते पारखलेले नाही, त्याचेच नाव लहान अक्षरांत लिहावे, यात खाली उभ्या असलेल्या माणसाचा विचार मागे पडतो. आता विमानातील यंत्रेच रडारला आपली ओळख कळवितात आणि त्यासाठी एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक संकेतांक उपलब्ध आहेत, हे खरे. पण शेतकऱ्याच्या हाती रडार नसते. त्याच्या हाती दोन डोळेच असतात.

आपल्याकडील अनुभव निराळा आहे. महाराष्ट्रात विमान बांधण्याची इच्छा जुनी आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्या उड्डाणाचा विश्वसनीय पुरावा हाती आलेला नाही. तळपदे यांच्या नावाशी ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा संबंध जोडण्यात येतो त्याची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 साली तपासणी केली आणि त्यातील विमाने उडू शकणारी नाहीत, असा निष्कर्ष काढला. तळपदे यांच्या जिद्दीविषयी आदर बाळगूनही एवढे म्हणावेच लागते की, ज्याची नोंद नाही त्याची कथा होते, आणि कथेवर पुढच्या माणसाला काही बांधता येत नाही. त्या काळी नोंदणीची वही नव्हती, हा त्यांचा दोष नव्हे. पण ज्या काळी ती वही आहे, त्या काळी एखाद्याने स्वहस्ते बांधलेले विमान तिच्यात लिहिले जावे यासाठी किती वर्षे लागावीत?

या प्रश्नाचे उत्तर मुंबईतील कॅप्टन अमोल यादव यांच्या विमानाने दिले आहे. व्यवसायाने वैमानिक असलेल्या यादव यांनी कांदिवलीच्या चारकोप भागात, घराच्या गच्चीवर, सहा आसनांचे एका इंजिनाचे विमान बांधले. त्याचे नाव टीएसी-003. नावातील तीनच्या आकड्याप्रमाणे हा त्यांचा तिसरा प्रयत्न होता. मुंबईच्या दाटीत विमानाला जागा मिळाली ती गच्चीवर, आणि ते खाली आणावे लागले ते क्रेनने. 2016 च्या फेब्रुवारीत मुंबईत भरलेल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. परंतु प्रदर्शनात उभे असलेल्या त्या विमानाला कायद्याच्या दृष्टीने अद्याप नाव नव्हते. 2011 पासून सुरू असलेला नोंदणीचा प्रयत्न सहा वर्षे चालला. 2017 च्या नोव्हेंबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून नोंदणी-प्रमाणपत्र मिळाले आणि विमानाला 'व्हीटी-एनएमडी' हे चिन्ह लाभले. शेवटची तीन अक्षरे पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि त्या वेळचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या नावांवरून आपण निवडली, असे यादव यांनी सांगितले. पुढे 2019 च्या ऑक्टोबरात उड्डाण-परवाना मिळाला व 2020 साली धुळ्याच्या धावपट्टीवर विमानाची चाचणी झाली.

या प्रकरणाकडे पाहण्याच्या दोन रीती प्रचारात आहेत. एक रीत अशी की, एका बाजूस ध्येयवेडा माणूस आणि दुसऱ्या बाजूस आडमुठे खाते उभे करावे व टाळ्या घ्याव्यात. दुसरी रीत अशी की, आकाश म्हणजे खेळण्याची जागा नव्हे, असे म्हणून विषय मिटवावा. या दोन्ही रीतींत एक मोठा घोटाळा आहे, आणि तो नोंदणी व उड्डाणयोग्यता या दोन गोष्टी एक समजण्यात आहे. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे शेतात पीक उभे राहिले असे होत नाही. शेत कोणाचे, एवढेच त्याने कळते. तद्वत विमानाच्या अंगावर पाच अक्षरे आली म्हणजे ते उडण्यास योग्य ठरले असे नव्हे. ते कोणाचे आहे, त्याच्यासाठी जबाबदार कोण, याचे उत्तर तयार झाले, एवढाच त्याचा अर्थ. ते उडावे की न उडावे हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याला निराळी परीक्षा व निराळा कागद आहे. यादव यांच्या विमानालाही नोंदणीनंतर परवान्यासाठी जवळजवळ दोन वर्षे लागली, हे याच भेदाचे उदाहरण होय.

हा भेद नीट ध्यानात घेतला तर धोरण कसे असावे तेही सुचते. नोंद लवकर व्हावी, उड्डाण सावकाश व्हावे. ज्या दिवशी घरातील सांगाड्याला विमानाचा आकार येऊ लागतो त्याच दिवशी त्याची नोंद करून घेण्यात राज्याचे काही जात नाही. उलट लाभ होतो. नोंद झालेल्या विमानाची तपासणी करता येते. बांधणी चालू असताना निरीक्षक येऊन सांधे पाहू शकतो. पुढे रंगाखाली आणि पत्र्याखाली झाकले जाणारे दोष त्याला उघड्यावर दिसतात. ज्याची नोंदच नाही त्याची तपासणी कोणत्या अधिकाराने करावी, असा पेच मग पडत नाही. उलटपक्षी नोंद रोखून धरली तर जिद्दी माणूस थांबत नाही. तो बांधतच राहतो, परंतु खात्याच्या नजरेआड बांधतो. सुरक्षिततेसाठी घातलेली अडवणूकच सुरक्षिततेला मारक होते.

मात्र नोंद सुलभ करावी म्हणजे परीक्षा सुलभ करावी, असा अर्थ कोणी काढू नये. कारखान्यातील विमानामागे शेकडो अभियंते, चाचण्यांचे ढीगभर कागद आणि मोडलेल्या नमुन्यांचा अनुभव असतो. राष्ट्रीय हवाई प्रयोगशाळेच्या 'सरस' या विमानाचे उदाहरण घ्यावे. त्याचा पहिला नमुना 'व्हीटी-एक्सएसडी' या चिन्हाने 2004 च्या मे महिन्यात आकाशात गेला. दुसरा नमुना 6 मार्च 2009 रोजी चाचणीच्या वेळी बंगळूरजवळ कोसळला व त्यातील तिघे मृत्युमुखी पडले. ते हवाई दलाचे अनुभवी अधिकारी होते आणि मागे देशाची मोठी संस्था उभी होती. तेथे असे घडू शकते, तर गच्चीवर बांधलेल्या विमानाच्या परीक्षेत सूट मागणे हे धाडस नव्हे. बांधणारा स्वतःच्या जिवावर उदार होऊ शकतो. खाली घरात निजलेल्या माणसाच्या जिवावर उदार होण्याचा त्याला अधिकार नाही. म्हणून चाचणी विरळ वस्तीवर व्हावी, प्रवासी घेऊ नयेत, इशाऱ्याचा शब्द दाराजवळ लिहावा, आणि अक्षरे मोठी असावीत. यांतील एकाही गोष्टीने खऱ्या कारागिराचा उत्साह मावळत नाही. सुताराला आपल्या कामावर आपले नाव कोरण्याची लाज वाटत नाही. तशी ती विमान बांधणारालाही वाटू नये.

हा प्रश्न मूठभर हौशी वैमानिकांचा आहे, असे वाटण्याचा संभव आहे. तसे आता राहिलेले नाही. 1934 चा विमान कायदा जाऊन त्या जागी 2024 चा भारतीय वायुयान अधिनियम 1 जानेवारी 2025 पासून अमलात आला आहे. त्याआधी 2021 साली ड्रोनविषयीचे नियम झाले आणि वैमानिकावाचून उडणाऱ्या या यंत्रांसाठीही विशिष्ट ओळख-क्रमांकाची व्यवस्था झाली. पिकांवर औषध फवारणारी अशी यंत्रे खेड्यापाड्यांत येऊ लागली आहेत. सुटे भाग आणून ती स्वतः जोडणारी पोरेही गावोगाव निघतील. गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टनसमोर जो प्रश्न होता तोच प्रश्न, लहान आकाराने, उद्या कपाशीच्या बांधावर उभ्या असलेल्या तरुणासमोर येणार आहे. बनविले त्याने, पण बनविणारा म्हणून त्याचे नाव लिहावयाचे कोणत्या रकान्यात? तो रकाना आजच मोकळा ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

मोहगावच्या अंगणातून पाहणाऱ्या पोराच्या प्रश्नाकडे अखेर परत यावे लागते. "हे विमान कोणाचे?" या प्रश्नाला आज उत्तर आहे, कारण राष्ट्रांनी ते देण्याचे वचन एकमेकांस दिलेले आहे. पण त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला असतो. पोर मनात म्हणत असते, "असे विमान मला बांधता येईल काय?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने ठळक, 50 सेंटिमीटर उंचीच्या अक्षरांत लिहून ठेवले आहे. दुसऱ्याचे उत्तरही तितक्याच स्पष्ट अक्षरांत मिळाले पाहिजे, आणि ते असे असावे: बांध, आपले नाव त्यावर घाल, तपासू दे, आणि मग उडव. नाव घालण्यासाठी मात्र सहा वर्षे थांबावे लागू नये.